नोकरी की बाळ, हा प्रश्न तुझ्यापुढे ठेवला कुणी?

(पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव, गाव आणि कारखान्याची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.)

पत्रलेखिका एकोणतीस वर्षांची आहे. रसायनशास्त्रात बीएस्सी झाली आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वेफर्स, साबण, शाम्पू यांची पाकिटं छापली जातात, तिथे ती चार वर्षांपासून क्वालिटी कंट्रोलला आहे. नोकरी ठेकेदारामार्फत, करार दर वर्षी नवा होतो, हातात एकोणीस हजार पडतात. आता नववा आठवडा चालू आहे. दोन वर्षांपूर्वी एकदा आठव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. कामात दर तासाला छपाईच्या मशीनवर जाऊन शाईचा घट्टपणा कपाने मोजणं, इंक रूममधून नमुने आणणं, कप सॉल्व्हंटने (शाई विरघळवणाऱ्या, पटकन उडणाऱ्या द्रवाने) धुणं हे सगळं येतं. संध्याकाळी डोकं जड होतं, कधी गरगरतं, रविवारी मात्र होत नाही. सुपरवायझर म्हणतात, 'इतकी वर्षं इथे कुणाला काही झालं नाही.' डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणतात नोकरी सोड. जाऊबाई म्हणतात, 'जे व्हायचं ते आत्तापर्यंत झालं असेल, वेळ आहे तोवर मोकळी हो.' नवरा दुसऱ्या कारखान्यात पेंट शॉपला आहे, घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो. क्वालिटीत आणखी दोन मुली आहेत आणि ही बोलली तर पुढे मुलींना कामावर घेणारच नाहीत, अशी तिला भीती वाटते. ती विचारते: 'ताई, नोकरी सोडू की जोखीम घेऊ? आणि मागचा गर्भपात माझ्यामुळेच झाला का?'

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र लांबलचक आहे. हप्ता, करार, सासूबाई, जाऊबाई यांच्याबद्दल तू पानभर लिहिलंयस आणि संध्याकाळचं डोकं मात्र एका ओळीत उरकलंयस. मला त्या एका ओळीनेच थांबवलं. कामाच्या दिवशी डोकं जड आणि रविवारी हलकं, याचा अर्थ सरळ आहे. सॉल्व्हंटची वाफ नाकातून फुप्फुसात, तिथून रक्तात आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते आहे. शाईत, थिनरमध्ये असणारी टोल्यूइनसारखी सॉल्व्हंटं चरबीत सहज विरघळतात. जी मेंदूपर्यंत जातात ती वारेतूनही (प्लासेंटातूनही) पलीकडे, बाळापर्यंत जातात.

१९९९ साली कॅनडातल्या टोरोंटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सॉल्व्हंटमध्ये काम करणाऱ्या १२५ गरोदर स्त्रिया एका बाजूला आणि तसं काम नसलेल्या तेवढ्याच दुसऱ्या बाजूला. मोठं जन्मजात व्यंग पहिल्या गटातल्या १३ गर्भांत आढळलं, दुसऱ्या गटात एकात. पण त्या आकड्याच्या आत आणखी एक आकडा आहे. काम करताना ज्यांना त्रास जाणवत होता अशा ७५ जणींमध्ये १२ गर्भांत व्यंग होतं. ज्यांना काहीच त्रास नव्हता अशा ४३ जणींमध्ये एकही नव्हतं. अभ्यास लहान आहे, कोण किती वाफेत होती हे बायकांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवरून ठरवलं होतं. तेव्हा त्यावरून स्वतःच्या बाळाची टक्केवारी काढू नकोस, हात जोडून सांगते. एवढंच घे की तुझं शरीर तुला खरी खबर देतंय, आणि ती खबर सुपरवायझरच्या वाक्यापेक्षा जास्त विश्वासाची आहे.

तुझ्या कामाच्या आणखी जवळची एक नोंद सिंगापूरची आहे, १९९२ची. स्पीकर जोडण्याच्या कारखान्यात ज्या बाया टोल्यूइनच्या गोंदाजवळ बसत, त्यांच्यात दर १०० गरोदरपणांमागे सुमारे १२ गर्भपात झाले होते. त्याच कारखान्यात, पण गोंदापासून लांब काम करणाऱ्यांमध्ये ३. हवेतलं टोल्यूइन तिथे मोजलं होतं: ५० ते १५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), सरासरी ८८. आपल्याकडच्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या कामासाठी टोल्यूइनची मर्यादा १०० पीपीएम दिलेली आहे. म्हणजे सरासरी पाहिली तर ती जागा आपल्या कायद्याने 'मर्यादेत' ठरली असती. अमेरिकेतली औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था आज २० पीपीएमची शिफारस करते, आणि त्यामागच्या कारणांत गर्भपात हे एक कारण तिने स्पष्ट नोंदवलं आहे. म्हणून उद्या कुणी कागद दाखवून 'आमची हवा मर्यादेत आहे' म्हणालं, तर आधी आकडा विचार. मर्यादेत म्हणजे ९० की ९?

आता तो 'इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही' हा दाखला. यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, झालं असतं तर सुपरवायझरांना कळलं असतं. दोन वर्षांपूर्वी तुझा गर्भपात झाला तेव्हा तू काय सांगून रजा घेतलीस? 'पोटात दुखतंय' असं पत्रात तूच लिहिलंयस. म्हणजे कारखान्याच्या हिशेबात तूसुद्धा 'काही न झालेल्यां'त आहेस. दुसरी गोष्ट अशी की आईला काही झालं नाही म्हणजे गर्भालाही झालं नाही, असं सगळे धरून चालतात. जपानच्या मिनामाता गावाने हा समज मोडला. तिथल्या रासायनिक कारखान्यातून समुद्रात सोडलेला पारा मासळीतून माणसांच्या पोटात गेला. १९५६ साली त्या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. वार विष अडवते असं तोवर डॉक्टरही मानत होते, आणि तिथे ज्या आयांना फारसा त्रासच नव्हता त्यांची बाळं गंभीर अपंगत्व घेऊन जन्मली. पारा वेगळा, टोल्यूइन वेगळं, तुझी तुलना त्या आयांशी मी करत नाहीये. पण 'आई धडधाकट आहे ना, मग झालं' हे उत्तर त्यानंतर कुणी देऊ नये.

मागच्या गर्भपाताबद्दल विचारलंयस. पत्राच्या शेवटी, अगदी दाटीने लिहिलेली ती ओळ वाचून पोटात तुटलं. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहातली एक, काही वेळा त्याहून थोडी जास्त, अशीच पहिल्या काही आठवड्यांत संपतात. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, ज्याच्याशी आईने काय खाल्लं, काय उचललं, कुठे नोकरी केली याचा संबंध नसतो. सॉल्व्हंटचा हातभार लागला असेल का? असेलही. एका गर्भपाताकडे बघून ते सांगणं आज कुठल्याच डॉक्टरला जमणार नाही. आणि समजा लागला असला, तरी तो 'तुझ्यामुळे' झाला असं कसं म्हणतेस? झाकण नसलेली शाईची टाकी तू बसवलीस का? हवा ओढणारा पंखा बंद पडला तो तू दुरुस्त करायची होतीस का? जिथे हवा कुणी मोजलीच नाही, तिथल्या हवेचा दोष श्वास घेणारीवर येत नाही.

जाऊबाईंच्या सल्ल्याबद्दल. त्या वाईट चिंतत असतील असं मला वाटत नाही, घाबरून बोलल्या असतील. पण केवळ भीतीपोटी हे मूल नाकारू नकोस. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात वाफ श्वासात गेली म्हणजे बाळात व्यंग असणारच, असं मुळीच नाही. कुठलंही रसायन मध्ये न येताही १०० बाळांपैकी साधारण तिघांत काही ना काही मोठा जन्मदोष असतो. तुझ्या बाबतीत तो धोका थोडा वाढलेला असू शकतो, इतकंच म्हणता येतं. टोरोंटोच्या त्या अभ्यासातही त्रास होत असलेल्या ७५ जणींपैकी ६३ जणींच्या गर्भांत मोठं व्यंग नव्हतं. शिवाय टोल्यूइन शिशासारखं हाडांत घर करून बसत नाही. काम थांबलं की एक-दोन दिवसांत त्यातलं बहुतेक शरीराबाहेर जातं. म्हणून उद्यापासून केलेला बदल खरोखर उपयोगी पडतो, 'आता काय उपयोग' हा विचारच इथे लागू नाही. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली एनटी स्कॅन आणि अठरा ते वीस आठवड्यांतली अ‍ॅनोमली स्कॅन, या दोन्ही चुकवू नकोस. अवयवांची रचना त्यांत बरीच कळते, आणि त्यानंतरही निर्णयासाठी कायद्याने वेळ ठेवला आहे. मेंदूची पुढची वाढ स्कॅनमध्ये दिसत नाही, हेही तुला माहीत असलेलं बरं. म्हणूनच स्कॅन चांगली आली तरी पुन्हा इंक रूमकडे जायचं नाही.

डॉक्टरांकडे पुन्हा जा. 'केमिकलमध्ये काम करते' एवढंच सांगितलंस तर 'टेन्शन घेऊ नका' हेच उत्तर मिळतं. त्यांच्या हातात नावं दे. तू रसायनशास्त्र शिकलेली आहेस, हे तुझ्याइतकं चांगलं कोण करेल? शाई, थिनर, लॅमिनेशनचा गोंद, मशीन पुसायचं सॉल्व्हंट, प्रत्येकाची एमएसडीएस, म्हणजे रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, माग. तिच्यातल्या तिसऱ्या भागात घटक आणि टक्केवारी असते, आठव्यात हवेतली मर्यादा, अकराव्यात शरीरावरचे परिणाम. दुसऱ्या भागात धोक्याचे संकेत असतात. तिथे एच३६० दिसलं तर ते रसायन प्रजननाला किंवा गर्भाला अपाय करू शकतं असा अर्थ, आणि एच३६१ म्हणजे तसा संशय आहे. टोल्यूइनवर एच३६१डी असतं, त्यातला 'डी' गर्भासाठीच. इथाइल अ‍ॅसिटेट आणि आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) यांच्यावर हा संकेत नसतो, डोकं मात्र त्यांनीही दुखतं. ग्लायकॉल ईथर गटातली जुनी सॉल्व्हंटं यादीत दिसली तर ताबडतोब सांग. अमेरिकेतल्या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कारखान्यांत ऐंशीच्या दशकात गर्भपात वाढल्याचं दिसलं, तेव्हा पुढच्या अभ्यासांत बोट त्यांच्याकडेच गेलं.

एमएसडीएस मागणं हा तुझा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात कामगाराला धोक्याची माहिती देण्याचं बंधन घातलं गेलं. १९८९च्या घातक रसायनांच्या नियमांनी माहितीपत्रक आणि डब्यावरची चिठ्ठी सक्तीची केली. आता आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हा हक्क आहे. भोपाळच्या त्या रात्री ज्या बाया गरोदर होत्या त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या कुशीतली बाळं गेली, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आत नेमका कोणता वायू गेला हेसुद्धा धड सांगितलं गेलं नव्हतं. हा हक्क तिथून आलाय. वापर तो.

आता मूळ प्रश्न. नोकरी सोडू की जोखीम घेऊ, असं तू विचारतेस. घरातले सगळे याच दोन पारड्यांत तोलताहेत. या मांडणीत एक गोष्ट कुणीच हलवत नाहीये: ती वाफ. ती जागच्या जागी राहणार आणि तू तिच्यातून जायचं की तिथेच थांबायचं, एवढंच ठरवायचं. हे मला पटत नाही.

तुझ्या कारखान्यात खाद्यपदार्थांच्या पाकिटांना आधीच बिनटोल्यूइनची शाई वापरतात, असं तूच लिहिलंयस. वापरणारच. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरच्या शाईसाठीचं भारतीय मानक, आयएस १५४९५, २०२० साली सुधारलं आणि टोल्यूइन त्यात वर्ज्य ठरलं. साबण-शाम्पूच्या ऑर्डरला मात्र जुनी शाई चालू आहे. आणि तुझ्याच लॅबमधल्या जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर) तू रोज पाकिटाच्या दर चौरस मीटरमागे किती मिलिग्रॅम सॉल्व्हंट उरलं हे मोजतेस, ते जास्त निघालं तर रोल परत जातो. वेफर खाणाऱ्यापर्यंत सॉल्व्हंट पोहोचू नये म्हणून एवढी काळजी घेणारी जागा, मशीनपाशी उभ्या असलेल्या मुलीच्या श्वासातलं टोल्यूइन एकदाही मोजत नाही. तंत्र आहे, पर्यायी शाई आहे, यंत्र आहे, माणसंही आहेत. म्हणजे हे करता येत नाही असं नाही. कुणी करायला सांगितलेलं नाही, इतकंच.

शाई बदलणं वरच्यांच्या हातात आहे आणि त्याला महिने लागतील. तुझ्याकडे महिने नाहीत, म्हणून तुझ्यासाठी आधी कामाची अदलाबदल. जीसी, फिल्मची जाडी मोजणं, सीलची ताकद, कागदपत्रं, आलेल्या मालाची तपासणी, क्वालिटीत असली कितीतरी कामं आहेत. व्हिस्कॉसिटी, म्हणजे शाईचा घट्टपणा, मोजणं मशीन ऑपरेटरही करू शकतो. लॅबची हवा मशीन हॉलमधून येत असेल तर दार बंद राहील असं बघ आणि सॉल्व्हंटच्या बाटल्या, भिजलेलं कॉटन वेस्ट झाकणाच्या डब्यात जाऊ दे. जेवण, पाणी लॅबमध्ये नको.

मास्कबद्दल तुझा मोठा गैरसमज आहे, आणि तो सगळीकडे दिसतो. रुमालावर एन-९५ लावून तू निश्चिंत होतेस. एन-९५ धूळ अडवतो, वाफ त्यातून आरपार जाते. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो, तो चेहऱ्यावर नीट बसावा लागतो, कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं, आणि गरोदरपणात तो लावून तासन्तास श्वास घेणं कठीण जातं. तो अगदी शेवटचा उपाय. साधे रबरी हातमोजेही टोल्यूइनपुढे फार वेळ टिकत नाहीत, आणि सॉल्व्हंटने हात धुण्याची सवय आजच मोडायची. वास येईनासा झाला म्हणून वाफ गेली असंही समजू नकोस. नाकाला काही मिनिटांत सवय होते.

कायद्याचं सांगते, त्यात एक भोक आहे तेही सांगते. १९६१चा मातृत्व लाभ कायदा, आणि त्याची जागा घेणारी २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता, दोन्ही म्हणतात की गरोदर स्त्रीने मागणी केल्यावर गर्भाच्या वाढीला बाधा आणील किंवा गर्भपात घडवील असं काम तिला देता येणार नाही. वाचून बरं वाटतं. पण हे संरक्षण प्रसूतीच्या तारखेआधीच्या सुमारे दहा आठवड्यांपुरतंच आहे. बाळाचं हृदय, मेंदू, हात-पाय घडतात ते गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, पुष्कळदा बाईला पाळी चुकल्याचं नुकतंच कळलेलं असतं तेव्हा. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जड ओझं होतं, उभं राहणं होतं, वाफ नव्हती. म्हणून तुझ्या अर्जात नुसतं त्या कलमावर विसंबू नकोस. डॉक्टरांची चिठ्ठी जोड, रसायनाचं नाव आणि त्याचा एच३६१डी संकेत लिही. एकदा लेखी कळवल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही.

करार मोडतील या भीतीबद्दल. कायद्याच्या संरक्षणात ठेकेदारामार्फत आलेलीही येते. तुझा कपातीआधीचा पगार २१,००० रुपयांच्या आत असेल, तर ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी विम्याची) वर्गणी कापली जात असणार. पगाराच्या पावतीवर ते आजच बघ. आधीच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली की २६ आठवड्यांचा लाभ ईएसआयसीकडूनच मिळतो, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. गरोदरपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना. गरोदर आहे म्हणून काढून टाकलं तरी मातृत्व लाभ बुडवता येत नाही. करार मधेच संपला तरी हा लाभ संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलंय. पण तूच राजीनामा लिहून दिलास तर तुझी बाजू कमकुवत होते. 'सध्या राजीनामा दे, बाळंतपणानंतर परत घेऊ' असं कुणी गोडीत सांगितलं तर सही करू नकोस. सासूबाईंनाही हे हिशेबात सांग. त्यांना तुझी काळजी आहे, त्या शत्रू नाहीत. नोकरी न सोडताही वाफेतून बाहेर पडता येतं हे कळलं तर त्या तुझ्याच बाजूने उभ्या राहतील, असं मला पत्रावरून वाटतं.

मात्र काम बदलून मिळालं नाही, डोकं रोज जडच होत राहिलं, तर थांबायचं. आधी वैद्यकीय रजा, ईएसआयसीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. त्यासाठी एक महिन्याचा हप्ता चुकला तर चुकू दे. बँकेला अर्ज करून मुदत मागता येते. रक्त दिसलं, पोटात कळा आल्या तर त्याच दिवशी दवाखाना, शिफ्ट संपायची वाट बघायची नाही.

त्या दोन मुलींबद्दल तू जे लिहिलंयस त्यावर मी बराच विचार केला. तुझी भीती खोटी नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला रंगद्रव्यं बनवणारा अमेरिकन सायनामिडचा कारखाना होता. १९७८ साली तिथल्या बायांना सांगितलं गेलं की शिशाच्या विभागात मूल होऊ शकणाऱ्या बाईला जागा नाही. पाच जणींनी नोकरीसाठी स्वतःची नसबंदी करून घेतली. पुढे तो विभागही बंद झाला. बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्सनेही मूल होऊ शकणाऱ्या सगळ्या बायांना शिशाच्या कामातून हटवलं होतं. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं. होणाऱ्या मुलांच्या भल्याचा निर्णय आई-बापांचा आहे, मालकाचा नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आणि शिसं पुरुषांच्या बीजालाही अपाय करतं, मग फक्त बाई का हटवायची, हाही मुद्दा होताच. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यात डीबीसीपी नावाच्या रसायनाने पुरुष कामगारांनाच वंध्यत्व आलं होतं.

हे सांगते अशासाठी की तू मागणी कशी मांडतेस यावर खूप अवलंबून आहे. 'मी बाई आहे, गरोदर आहे, मला जमणार नाही' एवढंच म्हणालीस तर त्यांना बाई काढणं सोपं वाटेल. 'मशीन हॉलमधल्या टोल्यूइनची पातळी मोजा, टाकीला झाकण बसवा, एक्झॉस्ट दुरुस्त करा, तोवर माझं काम बदला' असं म्हणालीस तर ती मागणी मशीनवरच्या ऑपरेटर दादांचीही होते. डोकं त्यांचंही दुखत असणार. त्यांच्याशी बोल, त्या दोघींशी बोल. सुरक्षा समिती असेल तर तिच्यामार्फत जा. एकटीने बोलण्यापेक्षा सहा-सात सह्यांचा कागद कधीही बरा.

तुझ्या यजमानांचं काम पेंट शॉपचं आहे. थिनरची वाफ कपड्यांतून उडून जाते, पण फवाऱ्याची बारीक धूळ कपड्यांवर, केसांत राहते, आणि जुन्या पिवळ्या-केशरी औद्योगिक रंगांत शिसं असू शकतं. त्यांनी तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून यावं. डबा आणि बूट घराबाहेर राहू देत. ते कपडे तू धुवायचे नाहीत, त्यांनी स्वतः वेगळे धुवावेत. रंगात शिसं असल्याचं एमएसडीएसवर दिसलं तर दोघांनीही रक्तातलं शिसं तपासून घ्या. शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि गरोदरपणात, बाळासाठी कॅल्शियम ओढलं जातं तेव्हा, परत रक्तात येतं. म्हणून पूर्वी कधी बॅटरी, भंगार वितळवणं, रंगद्रव्यं यांत काम केलेल्या ज्या वाचक मैत्रिणी हे वाचत असतील त्यांनी आज ते काम सोडलं असलं तरी डॉक्टरांना सांगावं. कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नयेत. डाग देण्याच्या कामात कॅडमियम वापरणाऱ्या सराफी कारागिरांच्या घरांत, ड्राय क्लीनिंगच्या दुकानांत, स्क्रीन प्रिंटिंगच्या खोल्यांत हेच प्रश्न आहेत, आणि तिथे ईएसआयसीही नसते. अशा ठिकाणी निदान ते काम राहत्या खोलीतून हलवावं, खिडकी समोरासमोर उघडी असावी, गरोदर बाईने त्या वेळी दुसरीकडे असावं.

शरीरात गेलेलं टोल्यूइन लघवीतून हिप्युरिक अ‍ॅसिड होऊन बाहेर पडतं. ते तपासायला डॉक्टरांनी सांगितलं तर शिफ्टच्या शेवटी नमुना दे. आदल्या दिवसापासून बाटलीबंद सरबत, सॉस, बाजारचं लोणचं टाळ, कारण त्यातल्या बेंझोएटमुळे आकडा उगाच वाढतो. ही तपासणी वाफ शरीरात गेली का एवढंच सांगते, बाळाबद्दल काही सांगत नाही. पण अर्जाला जोडायला तो कागद चांगला.

अर्ज मराठीतच लिही, तीन प्रतींत, एक ठेकेदाराला, एक कारखान्याच्या एचआरला आणि एक तुझ्याजवळ. मजकूर साधा असू दे: 'मी नऊ आठवड्यांची गरोदर आहे. माझ्या कामात टोल्यूइनचा रोज संबंध येतो, त्याच्या माहितीपत्रकावर गर्भाला अपाय करण्याचा संशय नोंदवलेला आहे. कामाच्या दिवशी मला डोकेदुखी आणि चक्कर येते. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. मला आजपासून मशीन हॉल आणि इंक रूमबाहेरचं काम द्यावं, पगार आणि करार कायम ठेवून. मशीन हॉलमधल्या हवेची तपासणी करून तिचा अहवाल आम्हा सर्वांना दाखवावा.' तुझ्या प्रतीवर पोच, तारीख, शिक्का घे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठव. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर तोच कागद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुझ्या जिल्ह्यातल्या कार्यालयात दे. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्याची विनंती त्यात पहिल्याच ओळीत लिही. पण तोवर, म्हणजे उद्या सकाळच्या शिफ्टपासूनच, कप घेऊन मशीनवर जाऊ नकोस. 'डॉक्टरांनी मनाई केली आहे' एवढं तोंडी सांग, आणि त्याच संध्याकाळी चिठ्ठी आणायला जा.